मक्याच्या खड्ड्यातला उसना आवाज

माझ्या भावाच्या गळ्यातलं स्वरयंत्र डॉक्टरांनी मंगळवारी काढलं आणि शुक्रवारी त्याने पाटीवर लिहिलं, "सोमवारी बाजारात जातो."

नर्सने ते वाचलं, त्याचा खांदा थोपटला आणि गोड हसली. बिचारी त्याला ओळखत नव्हती. मी आणि माझी वहिनी रोझलीन ओळखत होतो, म्हणून आम्ही दोघं रडवेले झालो.

डेस्मंड टिअर्नी शिकागोच्या वायदा बाजारात मक्याच्या खड्ड्यात चौतीस वर्षं उभा होता. खड्डा म्हणजे खरोखरच खड्डा. आठ बाजूंचा, आत उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचा. त्या पायऱ्यांवर चारशे धट्टीकट्टी माणसं भडक रंगांची जाकिटं घालून खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि डिसेंबरात येणाऱ्या मक्याचा भाव जुलैतच एकमेकांच्या तोंडावर ओरडतात. मक्याचा दाणा तिथे कुणाच्या नजरेला पडत नाही. त्या चारशेंत डेस्मंडचा आवाज पहिल्या पाचांत होता. घरी तळमजल्यावर तो "मीठ दे" म्हणाला, की वरच्या मजल्यावर मी मीठ शोधायला लागायचो.

वरच्या मजल्यावर मी राहतो. मी धाकटा, अॅलोशियस, आणि घरचे मला विशी म्हणतात. त्रेसष्टावं सरलं तरी माझी विशी काही सरत नाही. लग्न केलं नाही. आमच्या भागातल्या वाचनालयात एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली निदान पंचवीस "जरा हळू" एवढंच बोलण्यात गेली. एका आईच्या पोटी देवाने दोन आवाज धाडले होते. वाटणी करताना त्याचा हात घसरला असावा.

तर सोमवारी डेस्मंड बाजारात गेला नाही, कारण त्याला उठून बसता येत नव्हतं. पण जूनच्या मध्यावर तो गेला. गळ्याच्या भोकावर पांढरा सुती रुमाल, अंगात हिरवं-नारिंगी जाकीट. लोकांनी मिठ्या मारल्या, पाठीत गुद्दे घातले. अर्ध्या तासाने बाजाराच्या नियम समितीचे अध्यक्ष आले आणि अत्यंत प्रेमाने त्याला खड्ड्याबाहेर घेऊन गेले.

"डेस, तुझ्यासाठी मी जीव देईन," अध्यक्ष म्हणाले, "पण नियम आहे. भाव मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा उच्चारला पाहिजे."

डेस्मंडने हात वर करून बोटं नाचवली. खड्ड्यात हातांच्या खुणा तर सगळेच करतात. तळहात स्वतःकडे म्हणजे घेतो, तळहात समोर म्हणजे विकतो, बोटांवर सौद्यांचा आकडा आणि भावातला शेवटचा पाव, अर्धा की पाऊण सेंट.

"खूण ही आवाजाची सोबत आहे, आवाजाची जागा नाही," अध्यक्ष म्हणाले. हे वाक्य त्यांनी घरून पाठ करून आणलं असणार. "आणि हा नियम आमचा नाही. सरकारचा आहे."

सरकारचं म्हणणंही अगदीच खुळं नव्हतं. काही वर्षांपूर्वी खड्ड्यात कुजबुजून, डोळे मिचकावून आपसात सौदे उरकल्याचा बोभाटा झाला होता. तेव्हापासून सरकारने ठरवलं, की जे काय विकायचं ते बोंबलून विका. शेजाऱ्याच्या कानात विकाल तर तुरुंगात जाल. चोर मुक्याने बोलतात म्हणून मुक्यांनाच बाहेर काढायचं, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नसावं.

डॉक्टरांनी डेस्मंडला एक यंत्र दिलं होतं. गळ्याला लावून तोंड हलवलं, की आवाज निघतो. आवाज म्हणजे काय, दाढीच्या यंत्राला बोलायला शिकवलं तर ते जसं बोलेल तसा. ते पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवशी शेजारच्या हॅगर्टीबाईंचा कुत्रा पलंगाखाली शिरला तो दोन दिवस बाहेर आला नाही. खड्ड्याच्या गदारोळात तर ते शेजारच्या पायरीलाही ऐकू जाईना. डेस्मंडने ते चमच्यांच्या खणात टाकून दिलं.

मग तो घरी बसला, आणि आमच्या घराचा खड्डा झाला. सकाळी रोझलीन टोस्टचं ताट घेऊन आली, की तो तळहात स्वतःकडे करून दोन बोटं दाखवी. बटाटे पुढे केले, की तळहात समोर: नको, विकले. एकदा तिने विचारलं, "माझ्या बहिणीला रविवारी जेवायला बोलवायचं का?" तर त्याने दोन्ही तळहात समोर करून दहाही बोटं झाडली.

"मी काय मका आहे का रे?" रोझलीन ओरडली. "अडतीस वर्षं झाली लग्नाला! पाटी आहे ना? लिही की 'नको गं' म्हणून!"

ती स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून उभी राहायची. त्या नळाखाली भांडी नसायची, हे मला वरून कळायचं.

म्हणून मी ठरवलं, की आपण एक छोटासा अर्ज करायचा. एका कागदाचं काम. एकतीस वर्षं मी कागदांत काढली होती, कागद मला घाबरवू शकत नाही, असा माझा समज होता.

अर्जाची बातमी हॅगर्टीबाईंना कशी लागली, कोण जाणे. त्या कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, "सरकारला कशाला लिहिता? आधी आपल्या नगरसेवकाला सांगा. निवडणूक जवळ आलीय, चंद्र मागितला तर चंद्र देईल. थांबा, मीच फोन करते."

त्यांनी फोन केला. काय बोलल्या ते देवाला माहीत. नगरसेवकाच्या माणसाने टिपून घेतलं असावं: 'टिअर्नी. खड्ड्याची अडचण. म्हातारा, आजारी.' तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नगरपालिकेची गाडी आली आणि आमच्या दारासमोर रस्त्यात जो खड्डा गेली सहा वर्षं होता, तो डांबर घालून बुजवून गेली. वर नगरसेवकाचं हसऱ्या फोटोचं पत्रक दाराला अडकवलं: 'तुमचा खड्डा, माझी जबाबदारी.'

डेस्मंड खिडकीतून बघत होता. त्याचे खांदे हलायला लागले. ऑपरेशननंतर तो पहिल्यांदा हसत होता, आणि मला आधी वाटलं त्याला श्वास लागलाय. मी पाणी आणायला धावलो. आवाज नसलेलं हसू ओळखायला आम्हाला वेळ लागला.

मी बाजाराकडे अर्ज केला. उत्तर आलं, हा अधिकार सरकारी कार्यालयाचा. मी सरकारी कार्यालयाला लिहिलं. उत्तर आलं, नियम बाजाराने केलेला आहे, आम्ही त्याला फक्त मान्यता दिली आहे, तरी बाजाराकडे विचारणा करावी. मी दोन्ही पत्रांच्या प्रती दोघांनाही पाठवल्या. दोघांचीही पोच आली. असं सप्टेंबर उजाडेपर्यंत चाललं. शेवटी मी चांगला सूट घातला, डेस्मंडला सोबत घेतलं आणि वायदे बाजारांवर नजर ठेवणाऱ्या त्या कार्यालयात जाऊन बाकावर बसलो. दुपारी दोनला आम्हाला आत बोलावलं.

टेबलामागे ओडमसाहेब होते. काळेसावळे, सडपातळ, पन्नाशीचे गृहस्थ. टेबलावर सात पेन्सिली एका रेषेत. बाजारातली माणसं त्यांना टरकून असायची, कारण ते कधी आवाज चढवत नसत.

"मिस्टर टिअर्नी," ते म्हणाले, "तुमची चौदा पत्रं मी वाचली. फार सुवाच्य आहेत."

मी सुखावलो. मी लगेच हुरळतो, हा माझा दोष आहे.

"नियम बदलायला दोन वर्षं लागतील," ते डेस्मंडकडे बघून म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहून डेस्मंडविषयी विचारलं नाही. सगळे तसं करायचे, जणू आवाजाबरोबर त्याचे कानही गेले होते. "पण नियमात असं कुठेही नाही, की उच्चार करणारा आणि सौदा ठरवणारा एकच माणूस असला पाहिजे. तुमच्या शेजारी उभं राहून तुमची खूण मोठ्याने म्हणणारा माणूस तुम्ही नेमू शकता. त्याची रीतसर नोंदणी करू. खुणेविना त्याने तोंड उघडायचं नाही. उघडलं, तर दोघांचीही परवानगी रद्द. असं कुणी आहे तुमच्याकडे?"

डेस्मंडने पाटी काढली आणि एक शब्द लिहिला. मला वाटलं, तो खड्ड्यातल्या एखाद्या दोस्ताचं नाव लिहील. त्याने लिहिलं, "विशी."

"साहेब, मी ग्रंथपाल होतो," मी म्हणालो.

"काय म्हणालात?" ओडमसाहेबांनी कान पुढे केला.

अडचण तिथेच सगळ्यांना दिसली होती. पण डेस्मंड माझ्याकडे बघत होता, आणि त्या माणसाने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

नोंदणीसाठी बोटांचे ठसे लागतात. माझे उमटेनात. पोलीस चौकीतल्या बाईंनी माझी दहाही बोटं तीनदा शाईत बुडवली. "काय काम करता? वीटभट्टी?" त्यांनी विचारलं. एकतीस वर्षं पानं उलटून आणि कार्डं चाळून माझ्या बोटांच्या रेषाच पुसट झाल्या होत्या. ठसे दोनदा परत आले, 'व्यक्ती ओळखता येत नाही' या शेऱ्यासह. आयुष्यभर मला जो संशय होता, तो असा सरकारी कागदावर आला.

त्यापुढे प्रश्न होता: 'आपण कधी कोणाची मालमत्ता अनधिकृतपणे बाळगली आहे का?' शहाण्या माणसाने 'नाही' लिहिलं असतं. मी प्रामाणिकपणे लिहिलं, की मधमाश्या पाळण्यावरचं एक पुस्तक नोकरीच्या पहिल्या वर्षी मी घरी नेलं होतं आणि ते अजून घरीच आहे. झालं. त्याची वेगळी फाईल उघडली. वाचनालयाचं 'प्रकरण मिटलं' असं पत्र आणा, म्हणाले. मी वाचनालयात गेलो. माझ्या जागी आलेल्या मुलीने संगणकात बघितलं आणि म्हणाली, "हे पुस्तक आमच्या नोंदीतच नाही, मिस्टर टिअर्नी. जे नाही ते तुम्ही नेलं कसं? आणि नेलंच नाही, तर मी माफ काय करू?" शेवटी ओडमसाहेबांनीच दोन पेन्सिली झिजवून फाईल बंद केली. ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. मी मधमाश्या कधीच पाळल्या नाहीत.

राहिला आवाज. डेस्मंड मला रोज सकाळी सरोवराच्या काठी घेऊन जायचा. ऑक्टोबरचा वारा, समोर करडं पाणी, माणूस नाही. तो दहा पावलांवर उभा राहून खूण करायचा आणि मी ओरडायचो. म्हणजे मला वाटायचं मी ओरडतोय. तो कानाला हात लावून मान हलवायचा. मग जवळ येऊन माझ्या पोटावर पंजा दाबायचा: गळ्यातून नाही, इथून. त्याचा पंजा गरम असायचा. आम्ही भाऊ इतक्या वर्षांत एकमेकांना हात लावलाच नव्हता. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

नवव्या दिवशी ते निघालं. "पाऊणला दहा विकतो!" माझ्या पोटातून असा काही आवाज निघाला की पाण्यावरचे पक्षी उडाले. मी घाबरून मागे बघितलं, कोण ओरडलं म्हणून. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी पोलिसांना बोलावलं. एक म्हातारा बुडायला निघालाय आणि दुसरा त्याला हातांनी मागे ढकलतोय, अशी त्यांची तक्रार होती. पोलीस आला तेव्हा मी त्यालाही पोटातूनच उत्तर दिलं आणि त्याने दोन पावलं मागे घेतली. तो आनंद मी काय सांगू?

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी साडेनऊची घंटा झाली आणि मी मक्याच्या खड्ड्यात उभा होतो. माझ्या छातीवर बिल्ला होता आणि अंगातलं उसनं जाकीट गुडघ्यापर्यंत येत होतं. चारशे माणसं एकदम फुटली. डेस्मंडने खूण केली. मी म्हणालो, "माफ करा, पाच घेतो!"

'माफ करा' ऐकून आमच्या भागातले साठसत्तर जण गप्पच झाले. चौतीस वर्षांत त्या खड्ड्यात ते शब्द कुणी ऐकले नव्हते. मग जे हसू उसळलं, त्यात मक्याचा भाव क्षणभर कुणाच्या लक्षात राहिला नाही. त्यात भर म्हणजे डेस्मंडने 'विकतो'ची खूण केली होती. मी त्याच्या समोर तोंड करून उभा होतो, त्याचा तळहात मला दिसला आणि मी समजलो, माझ्याकडे, म्हणजे घेतो. सौदा समितीपुढे गेला. हात विकतो म्हणतोय आणि तोंड घेतो, मग खरं काय?

"उच्चारलेलं खरं," अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला. "हाताला कायद्यात स्थान नाही."

डेस्मंडने आपल्या हाताकडे बघितलं आणि तो खिशात घातला. मी म्हणालो, "डेस, माझी चूक झाली रे." त्याने दुसऱ्या हाताने माझ्या डोक्यावरची टोपी डोळ्यांवर ओढली. पण तो हात दिवसभर खिशातच होता. दुपारी बाजार बंद झाल्यावर घरी येताना त्याने मला डाव्या हाताने दार उघडून दिलं.

मी सुधारलो. मी त्याच्या शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून उभा राहायला लागलो. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याचा हात, आणि पोटातून आवाज. लोक मला 'वाचनालय' म्हणायला लागले. "ए वाचनालय, पुस्तक परत कर!" "वाचनालय, हळू बोल, लोक मका वाचतायत!" ही थट्टा मला आवडायची. एकतीस वर्षं माणसं माझ्या टेबलापाशी येऊन मला न बघता घड्याळ बघायची. इथे मी तोंड उघडलं, की पन्नास माना वळायच्या. घरी मी रोझलीनला "चहा देतेस का?" असं विचारलं, तर ती दचकून कप पाडायची.

"विशी," ती एकदा म्हणाली, "तुला मजा वाटतेय ना रे?"

"छे! मी तर डेससाठी..."

"मजा वाटू दे. पण त्याच्याकडे बघत जा मधूनमधून."

मी बघत होतो की. त्याचा हात बघत होतो.

खड्ड्यातली माणसंही हळूहळू डेस्मंडकडे बघेनाशी झाली होती. नियमच तसा होता. सौदा आवाजाशी होतो, मग हाताकडे कशाला बघायचं? सौदा झाला की ते माझ्याकडे बघून मान हलवायचे, कार्डावर माझ्याकडे बघून टिपायचे. कॉफी प्यायला जाताना मला हाक मारायचे. डेस्मंड मागून यायचा. हे मला दिसत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. दिसत होतं आणि मी कॉफी पीत होतो.

डिसेंबरात सरकारचा पिकाचा अंदाज जाहीर झाला त्या दिवशी खड्डा नुसता उकळत होता. सरकार म्हणालं, मका वाटला त्याहून कमी आहे. भाव चढत होता. ओडमसाहेब स्वतः वही घेऊन कठड्याशी उभे होते. डेस्मंडचा हात छातीपाशी होता, बोटं अर्धी मिटलेली. तो वाट बघत होता. मीही वाट बघत होतो. समोरच्या पायरीवरचा लाल जाकीटवाला तोंड उघडत होता, आणि मला वाटलं, भाव इथून वर जाणार नाही. का वाटलं? मला मक्यातलं काय कळतं? महिनाभर त्या पायऱ्यांवर उभं राहून काहीतरी माझ्या अंगात शिरलं होतं.

"वीस विकतो!" मी ओरडलो.

"घेतले!" लाल जाकीटवाला म्हणाला.

डेस्मंडचा हात छातीपाशीच होता. बोटं तशीच, अर्धी मिटलेली.

दहा मिनिटांत भाव घसरायला लागला. लाल जाकीटवाल्याने लगेच तक्रार केली, "मी डेस्मंडचा हात बघत होतो, हात हललाच नाही, सौदा रद्द करा." इतक्या दिवसांत त्या हाताकडे बघणारा एक तरी माणूस निघाला, तो असा.

दुपारी आम्ही ओडमसाहेबांच्या टेबलापुढे बसलो होतो. माझा आवाज परत वाचनालयात गेला होता.

"मिस्टर डेस्मंड टिअर्नी," साहेब म्हणाले, "तुम्ही खूण केली होती का?"

मी सांगायला तोंड उघडलं. डेस्मंडने न बघता माझ्या गुडघ्यावर हात दाबला, आणि जबाबाच्या कागदावर पेनने लिहिलं, "केली होती. डोळ्याने."

"डोळ्याची खूण नियमात नाही."

डेस्मंडने लिहिलं, "चालत नाही असं तरी कुठे आहे?"

ओडमसाहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि पाऊण तास वाचलं. मग पुस्तक मिटलं, कागदावर डेस्मंडची सही घेतली आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "सौदा कायम."

घरी जाताना गाडीत डेस्मंड खिडकीशी बसला. मी म्हणालो, "डेस." पाटी त्याच्या मांडीवर होती, खडू खिशात होता. तो बाहेर बघत राहिला. मी परत म्हणालो, "डेस, मला..." समोरच्या बाकावरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली केलं, इतका मी मोठ्याने बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी टोपी घालून जिन्यात उभा राहिलो. रोझलीन दारात आली.

"तो झोपलाय," ती म्हणाली. "उठवू नकोस."

आतून ताज्या कॉफीचा वास येत होता आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. "बरं," मी म्हणालो आणि वर गेलो. पुढे आठवडाभर मी रोज सहाला जिन्यात उतरून उभा राहिलो. हॅगर्टीबाईंनी विचारलं, "आता बाजार बंद का?" मी म्हणालो, "थंडीमुळे." मका थंडीमुळे बंद होत नाही हे त्यांनाही माहीत होतं, पण त्यांनी जन्मात पहिल्यांदा काही सल्ला दिला नाही.

नाताळानंतर त्याला धाप लागायला लागली. जानेवारीत डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो दाखवला आणि मग कुणालाच फार काही विचारायचं राहिलं नाही.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला गळ्याची दुखणी बरी करणाऱ्या संताचा दिवस असतो. हॅगर्टीबाई पाद्रीबाबांना घेऊन इस्पितळात आल्या. दोन मेणबत्त्यांची फुली गळ्याशी धरून आशीर्वाद द्यायचा असतो. नर्स आडवी आली.

"इथे ऑक्सिजन चालू आहे. मेणबत्ती चालणार नाही."

"अहो, पेटवायच्या नसतात त्या!" हॅगर्टीबाई म्हणाल्या.

"मेणबत्ती ती मेणबत्ती. तसा नियम आहे."

"मग पेन्सिली चालतील का?" बाई म्हणाल्या आणि नर्सच्याच टेबलावरच्या दोन पिवळ्या पेन्सिली उचलून पाद्रीबाबांच्या हातात दिल्या. बाबांनी क्षणभर वर बघितलं, परवानगी मागावी तसं, आणि पेन्सिलींची फुली डेस्मंडच्या रुमालाशी धरून आशीर्वाद दिला. डेस्मंडने डोळे मिटून घेतले होते. तो हसत होता की काय, मला कळलं नाही.

ते गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. खिडकीतून दुपारचं उन्ह त्याच्या पांघरुणावर आलं होतं.

"डेस," मी म्हणालो, "त्या दिवशी तू खूण केली नव्हतीस. मी आपल्या मनाने ओरडलो. माझा तो हक्क नव्हता."

त्याने पाटी मागितली. अक्षर वाकडं झालं. "भाव बरोबर होता."

"भावाचं राहू दे रे! तू थांबला होतास. तुझ्या मनात काय होतं? तूही विकणारच होतास ना?"

मग त्याने पांघरुणाखालून हात काढला, वर उचलला आणि तळहात हळूच स्वतःकडे वळवला.

घेणार होता. त्याच भावाला, घसरणीच्या तोंडावर, तो घेणार होता. चौतीस वर्षांच्या माणसाचा अंदाज चुकला होता आणि वाचनालयाचा बरोबर आला होता, आणि हे त्याला दहा मिनिटांतच, त्याच पायरीवर कळलं होतं. म्हणूनच तो परत आला नव्हता. माझ्यावर रागावून नव्हे.

मी त्याचा हात धरला. त्याचे खांदे हलायला लागले, आणि या वेळी मी पाणी आणायला धावलो नाही. तो हसत होता. मी मात्र हसत नव्हतो.

अकरा दिवसांनी तो गेला. सकाळी दहाच्या सुमारास. रोझलीन त्याच्या उशाशी होती. मी खाली कँटीनमध्ये अंड्याचं सँडविच घेण्यासाठी रांगेत उभा होतो. वर आलो तेव्हा तिने माझ्या हातातलं सँडविच घेऊन बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बस विशी."

मार्चमध्ये ओडमसाहेब घरी आले. खड्ड्यातून बाहेर पडलेल्या माणसाचा बिल्ला तीस दिवसांत सरकारजमा करायचा असतो. टपालाने पाठवता येतो, पण ते स्वतः आले, काळा कोट घालून. रोझलीनने त्यांना चहा आणि सोडा घातलेला पाव दिला. त्यांनी पाव संपवला, रुमालाने बोटं पुसली आणि बिल्ला मिळाल्याची पावती लिहून दिली. मग पिशवीतून माझ्या नावाचा एक फॉर्म काढला.

"साहेब," मी म्हणालो, "डिसेंबरातला तो सौदा. माझ्या भावाने जबाबात जे लिहिलं..."

"लेखी जबाब आहे, मिस्टर टिअर्नी," ते शांतपणे म्हणाले. "लेखी जबाब असला, की आम्ही तोंडी ऐकत नाही."

"पण तुम्ही तिथेच होतात. कठड्याशी."

"होतो," ते म्हणाले आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. "शेवटचा रकाना तेवढा राहिलाय. काम थांबवण्याचं कारण."

राजीनामा, बडतर्फी, आजारपण असे तीन चौकोन होते. त्याखाली 'इतर' आणि पुढे एक बोटभर लांबीची रेघ. मी पेन घेऊन बसलो. रोझलीन खिडकीकडे तोंड करून उभी होती. चहा निवला. ओडमसाहेबांनी घड्याळ बघितलं नाही. शेवटी मी बारीक अक्षरात लिहिलं, 'ज्याच्यासाठी बोलत होतो तो भाऊ वारला', आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत वाचलं.

"रकान्यात बसतंय," ते म्हणाले.